कोलकात्याहून एका दिवसात सुंदरबन: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कोलकात्याला कामानिमित्त, लग्नासाठी किंवा गंगासागरच्या यात्रेला गेलेल्या मराठी मंडळींच्या हाती एखादा दिवस मोकळा उरला की सुंदरबनचा विषय निघतो. गाईडसह होणाऱ्या एकदिवसीय सफरीबद्दल पुन्हापुन्हा येणारे प्रश्न येथे एकत्र केले आहेत. एका उत्तराचा दुसऱ्याशी संबंध असेल तेथे प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. सुंदरबन म्हणजे नक्की काय? जंगल, नदी की समुद्रकिनारा?

गंगा, ब्रह्मपुत्रा आणि मेघना या नद्यांनी आणलेल्या गाळातून तयार झालेल्या, जगातील सर्वांत मोठ्या त्रिभुज प्रदेशाची ही समुद्राकडची कड आहे. खारफुटीचे जंगल सुमारे १०,००० चौरस किलोमीटरवर पसरलेले असून त्याचा साधारण ४० टक्के भाग भारतात आणि उरलेला बांगलादेशात आहे. भारताकडील १०२ बेटांपैकी ५४ बेटांवर माणसांची वस्ती आहे, आणि सहलीला निघालेल्या मंडळींना नेमके हेच ठाऊक नसते. सर्वत्र दिसणाऱ्या वाघाच्या छायाचित्रांमुळे हा निर्मनुष्य प्रदेश असावा असा समज होतो. वास्तविक भारतीय सुंदरबनात चाळीस लाखांहून अधिक लोक शेती, मासेमारी आणि खेकडे पकडणे यांवर जगतात. व्याघ्रप्रकल्प १९७३ साली जाहीर झाला, राष्ट्रीय उद्यान १९८४ साली झाले आणि १९८७ साली ते जागतिक वारशाच्या यादीत गेले. एका दिवसाच्या सफरीत आधी वस्तीची बेटे लागतात आणि मग जंगलाची. दोहोंमध्ये असते ती फक्त नदी.

२. एका दिवसात सुंदरबन पाहून होते का?

पाहून होत नाही. त्याचा एक कोपरा बऱ्यापैकी दिसतो. कोलकात्याहून पहाटे निघून रात्री परतायचे म्हटले तर चौदा-पंधरा तास जातात, त्यांतले सहा-सात तास रस्त्यावर, साधारण सहा तास पाण्यावर आणि त्यांतलेही प्रत्यक्ष जंगलाच्या खाड्यांमध्ये तीन-चार तास. एक रात्र मुक्काम करणे शक्य असेल तर तो जरूर करावा, कारण पहाटेची आणि संध्याकाळची, अशा पाण्याच्या दोन्ही वेळा एकाच दिवसाच्या सफरीत निसटतात.

महाराष्ट्रातून जाणाऱ्यांची एक फसगत हमखास होते. डिसेंबरमध्ये मुंबईत सूर्य सहाच्या सुमारास मावळतो, तर कोलकात्याकडे पाचच्या आतच. अंधार पडल्यावर जंगलाच्या पाण्यात पर्यटकांच्या लाँचला फिरता येत नाही, त्यामुळे तेथला कामाचा दिवस साडेतीन-चारला संपतो असे धरूनच बेत आखावा. सकाळी सात वाजता हॉटेलातून निघणारी सहल कोणी देऊ केली, तर ती नाकारणे बरे.

३. दिवसाचा क्रम साधारण कसा असतो?

गाडी पहाटे पाच-साडेपाचला निघते आणि बासंती रस्त्याने सुमारे शंभर किलोमीटरवरील गदखालीच्या जेटीवर पोहोचते. याला तीन तास लागतात. शहर संपताच रस्त्याच्या कडेला मत्स्यपालनाची विस्तीर्ण तळी लागतात, त्यांना तेथे 'भेरी' म्हणतात. कोलकात्याचे सांडपाणी या तळ्यांत मुरवून त्यावर मासे वाढवले जातात. झोप येत असली तरी हा टप्पा जागेपणी पाहावा.

गदखालीला लाँचमध्ये बसले की न्याहारी होते आणि गोसाबा बेटाला वळसा घालून लाँच सजनेखालीला येते. तेथे वनखात्याचे परवाने तपासले जातात आणि गाईड चढतो. सजनेखालीचा मनोरा, खारफुटीचे माहिती केंद्र आणि कासवांचे तळे पाहायला तासभर पुरतो. या तळ्यात बाटागुर बास्का या अतिशय दुर्मीळ कासवाची पैदास केली जाते. पुढे सुधन्यखालीचा मनोरा, लाँचवरच जेवण, आणि पाणी व वेळ साथ देत असेल तर दोबांकीचा जाळीबंद उंच पूल. नेतीधोपानीचे नाव माहितीपत्रकात असले तरी एका दिवसात तेथवर जाणे होत नाही. परतीच्या वाटेवर गावातला फेरफटका असतो (प्रश्न १२) आणि कोलकात्यात पोहोचायला रात्रीचे आठ-नऊ वाजतात.

४. सहल कंपनीशिवाय, आपल्या आपण जाता येते का?

जाता येते. सियालदहच्या दक्षिण विभागातून कॅनिंगची लोकल पकडावी. हे अंतर ४५ किलोमीटरचे असून सव्वा तास लागतो. कॅनिंगहून वाटणीच्या गाडीने गदखालीला जाता येते. अडचण त्यापुढे सुरू होते. चार माणसांसाठी संपूर्ण लाँच घेणे महाग पडते, ऐनवेळी भाव ठरवावा लागतो आणि परवान्याच्या खिडकीपाशी तास मोडतो. आठ-दहा जणांचा गट असेल आणि एखाद्याला मोडकीतोडकी बंगाली येत असेल, तर मात्र हा मार्ग स्वस्तही पडतो आणि आपल्या मर्जीनेही होतो.

५. गाईड घेणे सक्तीचे आहे का? सहल कंपनीचा माणूस असतोच ना?

या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. कंपनीचा माणूस जेवणखाण आणि वेळापत्रक सांभाळतो. जंगलाच्या पाण्यात शिरणाऱ्या लाँचवर मात्र वनखात्याची मान्यता असलेला गाईड असणे बंधनकारक आहे. हे गाईड बहुधा आसपासच्या बेटांवरचेच रहिवासी असतात, आणि त्यांच्यापैकी अनेकांच्या घरी मध गोळा करणारे किंवा मासेमार आहेत. त्यांना 'दादा' म्हणून हाक मारावी. हिंदी बहुतेकांना येते.

चांगला गाईड ओळखण्याची माझी खूण सांगतो: तो वाघाच्या गोष्टींनी सुरुवात करत नाही, पाणी कुठवर चढले आहे ते आधी पाहतो.

६. खर्च किती येतो?

हंगाम, गाडी आणि लाँच वाटणीची की स्वतंत्र, यांवर रक्कम अवलंबून असल्याने आकडा देणे योग्य नाही. परवाना शुल्क, गाईडचे मानधन, कॅमेऱ्याचे शुल्क आणि दोन्ही वेळचे खाणे रकमेत धरले आहे का, आणि लाँचवर एकूण माणसे किती असतील, हे लेखी विचारून घ्यावे. शेवटचा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा आहे, कारण चाळीस जणांच्या लाँचवर कठड्याजवळची जागा मिळण्यातच निम्मा दिवस जातो.

७. वाघ दिसेल का?

बहुधा दिसणार नाही. भारतीय सुंदरबनात सुमारे शंभर वाघ आहेत, परंतु ताडोब्यासारखे रस्ते, गवताळ माळ आणि ठरलेले पाणवठे येथे नाहीत. लाँच नदीत असते आणि वाघ काठापासून चार पावले आत सरकला तरी दिसेनासा होतो. हेंताल नावाच्या काटेरी ताडवर्गीय झुडपाच्या वाळत चाललेल्या पिवळ्या झावळ्यांमध्ये तर तो समोर असूनही उमगत नाही. चिखलावरील ताजे ठसे दिसणे हे एका दिवसाच्या सफरीतले मोठे भाग्य समजावे. 'वाघ नक्की दाखवू' असे सांगणाऱ्याकडे नोंदणी करू नये.

जे दिसते ते थोडेथोडके नाही: चितळ, रानडुक्कर, घोरपड, खाऱ्या पाण्यातली मगर, खंड्याच्या अनेक जाती आणि नशीब असेल तर नदीतले डॉल्फिन. यातले काय दिसेल हे महिन्याइतकेच पाण्याच्या वेळेवर ठरते, म्हणून पुढचे उत्तर वाचावे.

८. भरती-ओहोटीचा एवढा बाऊ का करतात? आमच्या कोकणातही ती असतेच.

असते, आणि म्हणूनच कोकणातल्या माणसाला हा प्रदेश लवकर कळतो. उधाणाच्या दिवसांत येथील पाण्याची पातळी चार-पाच मीटरने वरखाली होते, म्हणजे मुंबईच्या किनाऱ्यावर होते साधारण तितकीच. फरक असा की मुंबईत भरती काठावर येऊन परत जाते, तर येथे ती सपाट जमिनीतून, शेकडो खाड्यांमधून आत शिरते. सकाळी पाहिलेला काठ दुपारी ओळखू येत नाही. ज्या झाडांचे केवळ शेंडे पाण्यावर दिसत होते, ती चार तासांनी उंच, चिखलाने माखलेल्या मुळांवर उभी असतात.

सफरीवर याचा परिणाम असा होतो. भरतीला अरुंद खाड्यांमध्ये लाँच शिरू शकते, जंगल अगदी हाताशी येते, पण काठचा चिखल पाण्याखाली गेल्यामुळे प्राणी आत असतात. ओहोटीला लाँचला मोठ्या पात्रातच राहावे लागते. मात्र उघड्या पडलेल्या चिखलावर मगरी ऊन खात पडतात, पाणथळीतले पक्षी उतरतात आणि हरणे काठाशी येतात. दिवसाचे सहा तास पाण्यावर मिळत असतील तर त्यांत एक वळण, म्हणजे भरतीची ओहोटी होताना किंवा ओहोटीची भरती होताना, पाहायला मिळायला हवे. त्यामुळे तारीख ठरवताना त्या दिवशीच्या भरतीच्या वेळा सहल कंपनीला विचाराव्यात. उत्तर देता आले नाही तर दुसरी कंपनी शोधावी.

कोकणात तिथीला पाऊणने गुणून भरतीची वेळ काढण्याची रीत आहे. ती येथे जशीच्या तशी लावू नये, कारण भरतीची लाट समुद्राकडून आत सरकत येते आणि प्रत्येक ठिकाणी तिला वेगवेगळा उशीर होतो. मात्र भरती रोज साधारण पन्नास मिनिटांनी पुढे सरकते हे गणित येथेही तेच. पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास उधाण असते आणि अष्टमीच्या सुमारास भांग, म्हणजे पाणी सर्वांत कमी वरखाली होण्याचे दिवस. पहिल्यांदा जाणाऱ्यांनी उधाणाचे दिवस निवडले तर पाण्याचा खेळ अधिक ठळक दिसतो, परंतु सोबत वृद्ध मंडळी असतील तर भांगाचे दिवस सोयीचे पडतात. त्याचे कारण प्रश्न १५ मध्ये आहे.

९. कोणत्या महिन्यात जावे?

नोव्हेंबरचा मध्य ते फेब्रुवारीअखेर. थंडीत मगरी उन्हाला बाहेर येतात आणि स्थलांतरित पक्षीही असतात. जानेवारीत सकाळच्या दाट धुक्यामुळे लाँच तास-दोन तास उशिरा सुटण्याची शक्यता धरावी. मार्चपासून दमट उकाडा सुरू होतो आणि एप्रिल-मे महिन्यांत दुपारनंतर 'कालबैशाखी'ची वादळे उठतात. पावसाळ्यात एका दिवसाची सफर मी कोणालाही सुचवत नाही. जंगलातील प्रवेशाचे दिवस आणि नियम वनखाते वेळोवेळी बदलते, त्यामुळे विमानाचे तिकीट काढण्याआधी ठरलेल्या तारखेला प्रवेश खुला आहे याची खात्री करावी.

१०. एवढ्या नद्या असूनही पाणी खारे कसे?

हा प्रश्न मुले विचारतात आणि मोठी माणसे विचारायला लाजतात. आपण ज्यांना नद्या म्हणतो त्यांतल्या मातला, विद्याधरी यांसारख्या नद्यांचा वरच्या अंगाच्या गोड्या पाण्याशी असलेला संबंध फार पूर्वीच तुटला आहे. शतकानुशतके गंगेचे मुख्य पाणी पूर्वेकडे, म्हणजे आजच्या बांगलादेशाकडे सरकत गेले, आणि पश्चिमेकडच्या या पात्रांमध्ये उरले ते समुद्राचे, दिवसातून दोनदा येणारे-जाणारे पाणी. आकाराने नदी, पण पाणी खाडीचे. ज्या सुंदरी वृक्षावरून या प्रदेशाला नाव पडले असे मानतात, त्याला गोडे पाणी थोडे अधिक लागते. त्यामुळे तो बांगलादेशाच्या बाजूला भरपूर आणि आपल्याकडे विरळ दिसतो.

भारताच्या बाजूला डोळ्यांत भरतात ती अधिक खारेपणा सोसणारी झाडे. गाईड ज्याला 'बाइन' म्हणेल ते आपले तिवर, आणि 'गर्जन' म्हणजे कांदळाचा भाऊबंद. चिखलातून वर आलेले भाल्यांसारखे कोंब ही श्वसनमुळे आहेत, कारण गाळात मुळांना हवा मिळत नाही. कांदळाची बी झाडावरच रुजते आणि लांब शेंगेसारखी लोंबत राहते. ती ओळखता आली तर कोकणातल्या कोणत्याही खाडीकडे पाहण्याची नजर बदलते.

पिण्याचे पाणी मात्र पूर्णपणे सोबतचे किंवा लाँचवरचेच वापरावे.

११. जंगलात उतरून चालता येते का?

नाही. सजनेखाली, सुधन्यखाली, दोबांकी अशा मनोऱ्यांच्या कुंपणबंद आवारांखेरीज जंगलाच्या काठावर पाय ठेवण्यास मनाई आहे. 'फोटोपुरते उतरू द्या' असा आग्रह गाईडला करू नये, कारण त्याची मान्यता त्यामुळे जाऊ शकते. पायांना चिखल लागावा अशी इच्छा असेल तर ती गावात पूर्ण होते.

१२. 'गावभेट' म्हणजे काय? ती वगळून जंगलाला जास्त वेळ देता येईल का?

येईल, पण तसे करू नये असे माझे स्पष्ट मत आहे. हा प्रदेश समजायचा असेल तर बांधावर उभे राहावे लागते. वस्तीच्या बेटांभोवती मातीचे बांध आहेत. त्यांची एकूण लांबी सुमारे ३,५०० किलोमीटर सांगितली जाते. भरतीच्या वेळी या बांधावर उभे राहून एकदा डावीकडे आणि एकदा उजवीकडे पाहावे. एका बाजूला नदीचे पाणी असते आणि दुसऱ्या बाजूला, त्या पाण्याच्या पातळीहून खाली, भाताचे खाचर, तळे, घर आणि अंगणात वाळत घातलेले धान्य. मधे असते ती चार पावले रुंदीची माती. हे दृश्य कोणत्याही माहितीपत्रकावर छापलेले नसते.

२५ मे २००९ रोजी आयला चक्रीवादळात अनेक ठिकाणी हे बांध फुटले आणि शेतांत खारे पाणी शिरले. पाणी ओसरले तरी मीठ राहिले, आणि पुढे काही हंगाम भात नीट पिकले नाही. घरातली कर्ती माणसे कामासाठी केरळ, तमिळनाडूकडे गेली. मे २०२० मध्ये अम्फानने पुन्हा तेच केले. त्यानंतर बांधांच्या नदीकडच्या अंगाला खारफुटीची रोपे लावण्याचे काम गावातल्या बायकांनी अनेक ठिकाणी हाती घेतले. गाईडला विचारले तर तो ती लागवड दाखवतो. ओहोटीला गुडघाभर चिखलात उतरून ओळीने रोपे खोचावी लागतात, आणि लावलेल्यांपैकी बरीच पुढच्या उधाणात वाहून जातात.

गोसाब्यात थांबा असेल तर खांबांवर उभारलेला हॅमिल्टन बंगला पाहावा. डॅनियल हॅमिल्टन या स्कॉटिश व्यापाऱ्याने १९०३ साली येथली जमीन घेऊन सहकारी तत्त्वावर वसाहत उभी करण्याचा प्रयोग केला. तो पाहण्यासाठी रवींद्रनाथ ठाकूर १९३२ साली येथे येऊन राहिले होते. सहकाराची परंपरा असलेल्या महाराष्ट्रातल्या माणसाला या प्रयोगाचे विशेष कुतूहल वाटायला हरकत नाही.

१३. बोनबीबी कोण? तिच्या मंदिरात कोणीही जाऊ शकते का?

बोनबीबी ही जंगलाची रक्षणकर्ती. तिच्या नावातच 'बीबी' आहे, आणि तिला हिंदू व मुसलमान दोघेही मानतात. तिच्या कथेत दुखे नावाच्या गरीब मुलाला मधाच्या लोभापायी त्याचा काका वाघरूपी दक्षिणरायाच्या हवाली करतो आणि बोनबीबी त्याला वाचवते. मध, खेकडे किंवा लाकूडफाटा आणायला जंगलात जाणारे लोक तिला हात जोडून निघतात. गरजेपुरतेच घ्यावे, हा त्या कथेतला दंडक ते आजही सांगतात. सजनेखालीच्या आवारात तिचे स्थान आहे. चप्पल काढून कोणालाही जाता येते.

१४. आम्ही शाकाहारी आहोत. लाँचवर काय मिळेल?

भात, डाळ, भाजी, चटणी मिळते, पण नोंदणी करतानाच 'निरामिष' हा शब्द वापरून सांगावे. केवळ 'मासे नकोत' म्हटल्याने भागत नाही. बंगाली स्वयंपाकात मुगाच्या डाळीत माशाचे डोके घालतात आणि दुधी भोपळ्याच्या भाजीत कोळंबी, आणि वाढणाऱ्याच्या दृष्टीने ती डाळ आणि भाजीच असते. एका सहलीत आमच्यातल्या एका काकूंनी डाळीचे फार कौतुक केले, दुसऱ्यांदा वाढून घेतली, आणि मग वाटीच्या तळाशी डोळा दिसला. त्यानंतरचा दिवस त्यांनी मुरमुऱ्यांवर काढला. सर्व स्वयंपाक मोहरीच्या तेलात असतो, हेही ध्यानात ठेवावे. कांदा-लसूण न खाणाऱ्यांनी दशम्या, चटणी असे काही सोबत घेतलेले उत्तम.

मासे खाणाऱ्यांची चंगळ असते, एवढेच सांगून हा विषय आवरतो.

१५. सोबत सत्तरीच्या पुढचे आईवडील आहेत, गुडघे दुखतात. जमेल का?

लाँचवर बसून राहणे सहज जमते. कसोटी चढण्या-उतरण्याची आहे. भरतीला लाँचचा कठडा जेटीच्या जवळपास येतो. ओहोटीला तीच लाँच दहा-बारा फूट खाली जाते आणि जेटीच्या खालच्या पायऱ्या नुकत्याच पाण्याबाहेर आलेल्या, म्हणजे साबणासारख्या गुळगुळीत चिखलाने माखलेल्या असतात. पायरी आणि लाँच यांच्यामध्ये एक फळी टाकतात आणि आधाराला दोन खलाशी दोन टोकांना बांबू धरून उभे राहतात. फळी हलते. पाठीमागे पट्टा असलेल्या, पकड चांगल्या असलेल्या सँडल घालाव्यात, साडी किंवा धोतराऐवजी सुटसुटीत कपडे घालावेत, आणि खलाशाचा हात धरण्यात संकोच करू नये.

भांगाच्या दिवशी पातळीतला हा फरक कमी असतो, म्हणून वृद्धांसाठी ते दिवस बरे. मनोरे चढणे टाळून आईवडिलांनी लाँचवर किंवा आवारातल्या बाकावर थांबले तरी त्यांचे फारसे काही हुकत नाही.

१६. लहान मुले, बोट लागणे, स्वच्छतागृह आणि मोबाईलचे काय?

पात्र बहुतांशी शांत असल्याने बोट सहसा लागत नाही. जेथे मोठ्या नद्या मिळतात तेथे वाऱ्याच्या दिवशी थोडे हेलकावे बसतात. मुलांना जीवरक्षक जाकीट घातल्याशिवाय कठड्याजवळ सोडू नये, आणि ते त्यांच्या मापाचे आहे का हे गदखालीलाच पाहावे. लाँचवर लहानसे स्वच्छतागृह असते. मोबाईलला जंगलाच्या बाजूला अनेकदा संपर्क मिळत नाही. रोख रक्कम थोडी सोबत ठेवावी. नियमित औषधे असणाऱ्यांनी त्या दिवसाचा डोस खिशात ठेवावा, कारण औषधाचे दुकान गाठायचे तर नदी ओलांडावी लागते.

१७. येथला मध विकत घ्यावा का?

एप्रिल-मे महिन्यांत परवाना घेऊन जंगलात जाणारे 'मौले' हा मध काढून आणतात. तो पातळ असतो, त्यामुळे 'भेसळ असणार' असा संशय येतो. पातळपणा हा त्याचा स्वभाव आहे. वनखात्याच्या किंवा नोंदणीकृत सहकारी गटाच्या बाटलीबंद मधाला प्राधान्य द्यावे. जेटीवर बिनलेबलाच्या बाटलीत मिळणाऱ्या मधाबद्दल कोणतीही हमी देता येणार नाही.

१८. वाघ पोहतो म्हणतात. तो लाँचवर येऊ शकतो का? आणि वाघाने ज्यांचे पती मारले अशा स्त्रियांना भेटवणारी सहल असते, ती घ्यावी का?

वाघ उत्तम पोहतो आणि रुंद नद्या ओलांडतो. परंतु हल्ले होतात ते चिखलात उतरून खेकडे पकडणाऱ्या, अरुंद खाडीत लहान होडी लावणाऱ्या किंवा मध काढायला आत गेलेल्या माणसांवर. मोठ्या पात्रातून जाणाऱ्या, माणसांनी भरलेल्या इंजिनाच्या लाँचवरील पर्यटकाने याची चिंता करण्याचे कारण नाही. वाघ पाठीमागून येतो म्हणून डोक्याच्या मागे माणसाचा मुखवटा बांधण्याचा प्रयोग १९८०च्या दशकात येथे झाला होता. वस्तीकडील जंगलाच्या काठाने नायलॉनची जाळी लावलेली आजही दिसते.

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर नाही असे आहे. एखाद्या स्त्रीने आपले दुःख रोज नव्या पाहुण्यांना सांगावे आणि त्यांनी छायाचित्र काढून जावे, हा सहलीचा कार्यक्रम होऊ शकत नाही. त्यांच्या गटांनी तयार केलेल्या वस्तू विकत घेता येतात.

१९. चक्रीवादळाचा इशारा आला तर पैसे परत मिळतात का?

लाँच सोडण्यास प्रशासनाने बंदी केली तर तारीख बदलून देण्याची रीत आहे, परंतु रक्कम परत मिळेल की नाही हे नोंदणीच्या अटींवर अवलंबून राहते. मे आणि ऑक्टोबर-नोव्हेंबर हे बंगालच्या उपसागरातील वादळांचे मुख्य काळ आहेत, तेव्हा या महिन्यांत अटी वाचूनच पैसे भरावेत. सावधगिरीचा इशारा कंटाळवाणा वाटत असेल तर कॅनिंग आठवावे: 'सायक्लोन' हा शब्द रूढ करणाऱ्या हेन्री पिडिंग्टन यांनी मातला नदीवर बंदर बांधू नका असे आधीच बजावले होते, तरीही ते बांधले गेले आणि १८६७च्या वादळात त्याची वाताहत झाली.

२०. गंगासागर आणि सुंदरबन एकाच दिवशी होईल का?

होणार नाही. सागर बेट याच त्रिभुज प्रदेशात असले तरी त्याची वाट काकद्वीपकडून, मुरीगंगा ओलांडून जाते. गदखालीची वाट पूर्णपणे वेगळी आहे. दोन स्वतंत्र दिवस ठेवावेत. मकरसंक्रांतीच्या मेळ्याच्या आठवड्यात तर सुंदरबनचाही बेत पुढेमागे करावा, कारण वाहने आणि माणसे दोन्ही सागरकडे वळलेली असतात. ज्यांना लाँचचा प्रवास मुळीच झेपणार नाही त्यांच्यासाठी रस्त्याने पोहोचता येणारे झडखाली हा पर्याय आहे. तेथील बचाव केंद्रात वाघ दिसतो, परंतु तो पिंजऱ्यातला.

२१. मुलगा आमचाच आहे, पण पासपोर्ट अमेरिकेचा आहे. त्याला भारतीय म्हणून नेता येईल का?

परवाना नागरिकत्व पाहून दिला जातो. परदेशी पासपोर्ट असलेल्या व्यक्तीसाठी वेगळा परवाना लागतो, म्हणून मूळ पासपोर्ट आणि असल्यास ओसीआय कार्ड सोबत ठेवावे आणि त्याची प्रत सहल कंपनीला काही दिवस आधीच पाठवावी. भारतीय नागरिकांना छायाचित्र असलेले मूळ ओळखपत्र पुरते. सजनेखालीला पोहोचल्यावर ही गोष्ट उघड झाली तर संपूर्ण लाँच खोळंबते, आणि चूक सांगण्याचा संकोच चाळीस सहप्रवाशांच्या नजरा झेलण्यापेक्षा परवडतो.

२२. लाँचवर वाढदिवस साजरा करायचा आहे. गाणी लावता येतील का? ड्रोन?

केक कापावा. जंगलाच्या पाण्यात ध्वनिवर्धक लावू नये, आणि परवानगीशिवाय ड्रोन उडवता येत नाही. फुगे, चकचकीत कागद, एकदाच वापरायचे प्लास्टिक घरीच ठेवावे. पाण्यात पडलेली वस्तू ओहोटीबरोबर समुद्राकडे जाते आणि भरतीबरोबर खारफुटीच्या मुळांत येऊन अडकते.

२३. ओहोटीत लाँच गाळात रुतली तर काय करायचे?

पाणी चढण्याची वाट पाहायची. हे क्वचित घडते, पण एखादा नवखा सुकाणूवाला अरुंद खाडीत जरा जास्त वेळ थांबला की घडते. लाँच थोडी कलते, इंजिन बंद होते आणि खलाशी चहा ठेवतो. यात धोका नसतो. उतरण्याचा प्रयत्न मात्र कोणीही करू नये, कारण तो गाळ मांडीपर्यंत खेचतो आणि काठ जंगलाचा असतो (प्रश्न ११). परतीच्या विमानाचे किंवा रेल्वेचे तिकीट त्याच रात्रीचे काढू नये असे सांगतात ते यासाठीच.

आमची लाँच एकदा अशी दीड तास अडकली होती. पहिली पंधरा मिनिटे सगळे घड्याळे पाहत होते. मग इंजिनाचा आवाज नसल्यामुळे चिखलातून येणारी बारीक टिकटिक ऐकू येऊ लागली आणि कठड्याखाली पाहिले तर अख्खा काठ हलत होता: नखाएवढे खेकडे, प्रत्येकाची एकच नांगी लाल आणि अंगापेक्षा मोठी, ती वरखाली करत बिळाच्या तोंडाशी उभे, त्यांच्यामधून उड्या मारत जाणारे निवट्यासारखे मासे. गाईडदादा बोटाने एक रेघ दाखवत होता, चिखलावरची ओली रेघ, आणि ती दर काही मिनिटांनी एकेक बीळ गिळत वर सरकत होती. शेवटचा खेकडा आत गेला तेव्हा लाँच हलली.